हळदीच्या गाण्यात मी कुठं

ते गाणं घरी पहिल्यांदा वाजलं तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं. आमच्या पुंडलिकनगरात पाण्याचा दिवस म्हणजे सगळं घर ड्रम, बादल्या आणि मोटारीच्या मागं. त्या धांदलीत धाकट्या बहिणीचा पुण्याहून फोन आला, गाणं बाहेर आलंय, आधी ऐका. बाबांनी मोटार बंद केली, मोबाइल स्पीकरला जोडला आणि आम्ही तिघं ओल्या पायांनी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलो. गाणं संपलं तेव्हा बाबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी लगेच ते पुन्हा लावलं. आईनं खोचलेला पदर सोडला, हात पुसले आणि माझ्याकडं बघून विचारलं, "तू कुठंयस यात?"

मी हसून वेळ मारून नेली. आहे की, मधल्या ओळींत आहे, शेवटी तिघींचं एकत्र आहे, असं काहीबाही सांगितलं. पण माझ्या आईचा कान असातसा नाही. पंचवीसेक बायकांच्या भजनात कुणी एक सूर सोडला तर ती डोळे मिटलेले असतानाही बरोबर त्या बाईकडं मान वळवते. तिनं विचारलं म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं. त्या दिवशी एक ड्रम अर्धाच भरला आणि माझ्या डोक्यात जे काही सुरू झालं ते पुढं वर्षभर थांबलं नाही.

आम्ही तिघी म्हणजे मी, माझी धाकटी बहीण आणि पाचोडची मावसबहीण, जी कॉलेजसाठी आमच्याकडंच राहायची. लहानपणापासून तिघींना आईनं आपल्या भजनी मंडळात बसवलं. तिथं जे शिकलो तेच पुढं गच्चीवर, कपड्यांच्या दोरीखाली उभं राहून आम्ही आमच्या पद्धतीनं गायला लागलो. टाळ्या, चुटक्या, स्टीलच्या डब्यावरचा ठेका आणि तीन आवाज. धाकटी ते मोबाइलवर टाकायची. आमच्या त्रिकुटाला तिनं एक नावही दिलं. ते इथं सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच गाणं शोधून लावाल आणि मग माझीच पंचाईत.

गच्चीवरचे ते व्हिडिओ एका संगीतकारानं पाहिले. त्याला एका मराठी चित्रपटासाठी हळदीचं गाणं करायचं होतं आणि नेहमीचे सफाईदार आवाज नको होते. त्यानं बोलावलं, आम्ही गेलो. बाबांनी सगळ्या गल्लीला सांगून झाल्यावर आम्हाला आवरायला सांगितलं.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या मंडळात हात हलवून इशारा करणारं कुणी नसतं. पेटीवाल्या काकू सूर देतात, ढोलकी ठेका धरते, पण अभंगाची ओळ सगळ्यांनी एका क्षणी उचलायची कशी? तर एकीनं श्वास घ्यायचा. नुसता नाही, शेवटच्या रांगेतल्या बाईला ऐकू जाईल असा, खांदे उचलून, लांब. तो श्वास ऐकला की बाकीच्यांची छाती आपोआप भरते आणि ओळ एकदम उठते. हे काम कितीतरी वर्षं आईकडं होतं. तिला दम लागायला लागल्यावर ते माझ्याकडं आलं. माझा आवाज जाडाभरडा, धाकटीसारखा गोड नाही की मावसबहिणीसारखा टिपेला जाणारा नाही. पण श्वास माझाच चालायचा. गच्चीवरही तसंच होतं, मी श्वास घेतल्याशिवाय त्या दोघी तोंड उघडायच्या नाहीत.

स्टुडिओत मात्र हीच सवय माझ्या मुळावर आली. तिथं एकेकीला काचेच्या खोलीत उभं करतात, कानावर जाड हेडफोन चढवतात आणि आपल्या ओळी आपण एकटीनं गायच्या. माझी पाळी आली की बाहेरचा रेकॉर्डिंग करणारा मुलगा हात वर करायचा. ताई, श्वास ऐकू येतोय. पुन्हा घेऊ. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मी श्वास चोरायला गेले की सूर बारीक व्हायचा आणि सूर नीट लावायला गेले की श्वास यायचा. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "राहू द्या ताई, नंतर सगळे श्वास कापून टाकू." मी घामाघूम होऊन बाहेर आले. त्या दोघींचं अर्ध्या वेळात झालं होतं. निघता निघता संगीतकार म्हणाला, एकदा तिघी मिळून हेच गाणं एकाच माइकवर गा, गच्चीवर गाता तसं, आमच्या मजेसाठी. तेवढं एकदाच आम्ही मनापासून गायलो आणि वडापाव खाऊन गाडीत बसलो.

चित्रपट कधी आला आणि कधी गेला हे आमच्या नातेवाइकांनाही कळलं नाही. पण गाणं राहिलं. पहिल्या लग्नसराईत ते प्रत्येक हळदीला वाजलं, मग वरातीत, मग गणपतीत, मग गॅसच्या टाक्या पोचवणाऱ्या गाडीत. त्यातली एक जागा तर फारच चालली. दुसऱ्या ओळीनंतर ढोल, ताशा, सगळं एकदम थांबतं. क्षणभर काहीच नाही. मग कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसला एक घुमणारा, वर वर चढणारा आवाज येतो आणि धाडकन मुखडा सुरू होतो. त्या जागेला लोक खांदे उचलून, डोळे मोठे करून स्तब्ध उभे राहायचे आणि मुखड्याला तुटून पडायचे. नवऱ्या, नवरे, करवल्या, सासवा, पोलीस, डॉक्टर, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तेच. संगीतकारानं कुठल्याशा मुलाखतीत सांगितलं की ती शांतता म्हणजेच गाण्याचा प्राण आहे. मला त्या शांततेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यातला तो आवाज मशीनचा, शांतता संगीतकाराची. मी मुखड्यात स्वतःला शोधत होते.

किती तऱ्हांनी शोधलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. एका कानात लावून ऐकलं, दुसऱ्या कानात लावून ऐकलं. शाळेतल्या सहकारी बाईंचे महागाचे हेडफोन मागून आणले. उशीत डोकं खुपसून ऐकलं. धाकटी कळायची, मावसबहीण कळायची, आणि त्यांच्या खाली काहीतरी जाड असं असल्याचा भास व्हायचा. तो मी आहे असं ठरवावं तर पुढच्या खेपेला तो ढोलाचा घुमार निघायचा. माझी शाळा पडेगावला. सकाळी गाडीवर छावणीतून जाताना हेल्मेटच्या आत मी माझ्या ओळी मोठ्यानं म्हणायचे आणि त्या गाण्यात ठेवून बघायचे, बसतायत का. सिग्नलला शेजारचे लोक बघायचे. बघू देत.

लोकांच्या कौतुकानं तर अंगाचा तिळपापड व्हायचा. शाळेत प्रार्थनेनंतर माझा सत्कार झाला. मुलांनी खांदे उचलून ती जागा करून दाखवली आणि मग वर्षभर मी फळ्याकडं वळले की मागं पन्नास खांदे वर जायचे. मुख्याध्यापकांनी विचारलं, मॅडम, तुमची ओळ नेमकी कोणती? मी म्हटलं, सगळ्याच. एकदा गाडी दुरुस्तीला टाकली होती म्हणून रिक्षानं निघाले, तर रिक्षावाल्यानं तेच लावलेलं. "मॅडम, ये गाना दिमाग से जाताच नहीं," तो म्हणाला. माझ्याही जात नाही, एवढंच मी म्हणाले आणि दोन चौक आधीच उतरून चालत गेले.

बाबांचा उत्साह वेगळाच. ते निवृत्त झाल्यापासून त्यांना काम हवंच होतं, ते गाण्यानं दिलं. बँकेत, मेडिकलमध्ये, दूधवाल्याजवळ ते मोबाइल काढायचे, मुखडा आला की बोट वर करायचे आणि म्हणायचे, "ही बघा, आमची थोरली." दर वेळी बोट वेगळ्या ठिकाणी वर जायचं. कधी ते धाकटीच्या तानेवर जायचं, कधी कोरसवर. मला ते बोट बघवायचं नाही. एकदा मी त्यांच्यावर ओरडलेही, नका दाखवू लोकांना. त्यांना वाटलं मी लाजतेय.

आई पुन्हा काही बोलली नाही. मात्र गाणं लागलं की ती हातातलं काम थांबवून ऐकायची, आणि संपलं की काम सुरू करायची. ते मला जास्त लागायचं.

एकदा न राहवून धाकटीला विचारलं. ती तोवर पुण्यात स्थायिक झाली होती आणि मावसबहिणीबरोबर गाण्याचे कार्यक्रम करत होती. कार्यक्रमांना मीही जाणार होते, पण पहिल्याच बोलावण्याला मला शाळेतून रजा मिळाली नाही, आणि आयोजक म्हणाले, दोघी असल्या तरी चालेल. चाललं. त्यानंतर मला कुणी आग्रह केला नाही आणि मीही नाकावरचा राग सोडून विचारायला गेले नाही. तर धाकटीला विचारलं, अंतिम गाण्यात माझा आवाज ठेवलाय का गं? ती म्हणाली, "असशील ना गं कुठंतरी."

त्या एका 'कुठंतरी'नं माझी झोप उडवली. तिला नीट माहीत असतं तर ती सरळ हो म्हणाली असती, नाही तर सरळ भांडली असती. आम्ही तशाच आहोत. मी रेकॉर्डिंगच्या त्या मुलाला निरोप पाठवला. त्याचं उत्तर आलं की ताई, ते सगळं मुंबईला गेलं, आता माझ्याकडं काही नाही. सोबत हात जोडल्याचं छोटं चित्र होतं. मी ते जोडलेले हात कितीतरी वेळ बघत बसले. मला पुरस्कार नको होता, कार्यक्रम नको होते. त्या दोघींचा मत्सर वाटत नव्हता असं म्हणत नाही, वाटत होता. पण त्याहून मोठं दुखणं हे होतं की सगळं गाव ज्याबद्दल माझी पाठ थोपटतंय तिथं मी आहे की नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं.

अशात पाचोडहून मावशीचा फोन आला. तिच्या मुलाचं, म्हणजे त्याच मावसबहिणीच्या भावाचं लग्न ठरलं होतं. मी रजेचं निमित्त शोधत होते. मावशीनं माझं काही ऐकून घेतलं नाही. तू थोरली हायस, हळद तुझ्या हातची पायजे, ती म्हणाली आणि फोन ठेवला.

हळद दुपारची होती. मोसंबीच्या बागेला लागून मांडव घातलेला, बाजूला डीजेची गाडी, आणि तिच्यावर अर्थातच आमचं गाणं. दोनदा वाजून झालं होतं. मी ठरवून हळदीची परात घेऊन बसले होते. दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे, म्हणजे कुणी नाचायला ओढू नये. नवरदेवाला हळद लावून झाली, बायका एकमेकींना माखायला लागल्या, तिसऱ्यांदा तेच गाणं सुरू झालं तशी मावशी उठली आणि तिनं डीजेवाल्याला हात केला.

"बंद कर ते मशीन," ती म्हणाली. "गाणाऱ्या पोरी घरात असताना डब्यातलं कशाला ऐकायचं?"

मांडवानं टाळ्या वाजवल्या. धाकटी आणि मावसबहीण पुढं आल्या. डीजेवाल्यानं दोन माइक दिले, एकीकडं ढोलवाल्यानं ठेका धरला. मला कुणी हाक मारली नाही. मीच परातीकडं बघत बसले होते, त्यामुळं कुणाला दोष देण्यात अर्थ नव्हता.

पहिल्या दोन ओळी झाल्या. ढोल थांबला. ती शांततेची जागा आली, मांडव खांदे उचलून तयार, आणि मुखड्याला धाकटी आधी सुरू झाली, मावसबहीण मागून आली. दोघी हसल्या, थांबल्या. ढोलवाल्यानं पुन्हा उचललं. या खेपेला मावसबहीण आधी. आता पोरं शिट्ट्या मारायला लागली. कार्यक्रमांत त्यांच्या कानात छोटं यंत्र असतं, त्यात ठोके ऐकू येतात, म्हणून तिथं जमतं, हे मला नंतर कळलं. इथं कानात काही नव्हतं. धाकटीचा चेहरा उतरला. तिनं मान वळवली, आणि गच्चीवर बघायची तसं माझ्याकडं बघितलं.

मला बेसूर एकवेळ सहन होतं, असं फरफटत सुरू होणं सहन होत नाही. राग आला म्हणून उठले, माया आली म्हणून नाही. पिवळे हात अधांतरी धरून त्यांच्या मधे जाऊन उभी राहिले. हात माखलेले असल्यानं धाकटीनंच तिचा माइक माझ्या तोंडापुढं धरला. ढोल पुन्हा सुरू झाला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. ढोल थांबला. मी आईनं शिकवला तसा श्वास घेतला, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा.

डीजेवाल्यांच्या माइकला आवाज घुमवणारा इको लावलेला असतोच. माझा श्वास त्या दोन मोठ्या कर्ण्यांतून घुमत, चढत मोसंबीच्या झाडांवरून गेला, आणि अख्ख्या मांडवाचे खांदे वर गेले.

बायकांचे, पोरांचे, पाटावर बसलेल्या नवरदेवाचे. वर्षभर ज्या आवाजाला उचलत होते, त्याच आवाजाला. कुकरच्या शिट्टीसारखा म्हणून मी ज्याची टर उडवत होते, जो मशीनचा म्हणून सोडून देत होते, तो माझ्या छातीतून निघालेला होता. जाता जाता मजेसाठी एकाच माइकवर गायलो होतो, त्यातून त्यांनी तो उचलला असणार. मला सांगायचं कुणालाच सुचलं नाही, कदाचित तो कुणा एकीचा आहे हेच त्यांच्या लक्षात आलं नाही.

धाकटी आणि मावसबहीण एका क्षणी सुरू झाल्या. मी नाही. माझा श्वास छातीतच अडकला आणि मी त्या दोघींच्या मधे तोंड उघडं ठेवून उभी राहिले. मुखडा जसाच्या तसा ऐकू येत होता, गाण्यात येतो तसाच, दोन आवाजांचा. त्यात माझी जाड किनार नव्हती, कधीच नव्हती. म्हणजे आईचं खरं होतं. मला रडू आलं आणि त्याच वेळी हसू आवरेना. धाकटी गाता गाता माझ्याकडं बघत होती आणि तिच्याही डोळ्यांत पाणी आलं, कारण तिला कळलं होतं. पुढच्या मुखड्याला मी पुन्हा श्वास घेतला, मांडवानं माझ्याबरोबर घेतला, आणि या खेपेला मी गायले. मोठ्यानं, जाडाभरड्या आवाजात, मावसबहिणीचा टिपेचा सूर झाकून टाकीत. तिनं कोपरानं ढोसलं, मी हटले नाही.

परतताना बाबा गाडी चालवत होते, मी शेजारी, आई मागं. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं म्हणून लवकर निघालो होतो. गाडीत बसल्या बसल्या बाबांनी सवयीनं गाणं लावलं. मुखडा आला तसं त्यांचं बोट वर गेलं.

"ही बघ, तू," ते म्हणाले.

"नाही, बाबा," मी म्हटलं. "थोडं मागं घ्या. त्याच्या आधी."

त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि गाणं मागं नेलं. ढोल थांबला, श्वास आला, मुखडा सुरू झाला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तिथं तर काहीच नाय," ते म्हणाले. पण स्टिअरिंगवर हात असतानाच त्यांचे खांदे वर गेले होते, आणि ते अजून खाली आले नव्हते.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "पुन्हा लावा. मी वर्षभर हिला शब्दांत शोधत बसले."

बाबांनी पुन्हा लावलं. या वेळी आईनं मागं माझ्याबरोबर श्वास घेतला, दम लागत असतानाही, पूर्ण.